आळेफाट्यावरची कुत्र्यांची घरं

सुताराच्या दुकानात दोन गोष्टी साठत जातात. भुसा आणि किस्से. भुसा निदान कुणीतरी पोत्यात भरून नेतं. किस्से कुणीच नेत नाही राव, ते आपल्याच डोक्यात पडून राहतात!

माझं आळेफाट्याच्या थोडं पुढं लाकडी फर्निचरचं वर्कशॉप आहे. दारं, खिडक्या, पलंग, कपाटं. मी मापं लिहून घेतो आणि गिऱ्हाइकाशी बोलतो. खरं काम बबनमिस्त्रींचं. वय साठीच्या पुढं, बोलणं कमी, आणि कानावर कायम पेन्सिल.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडं एक नवीनच ऑर्डर सुरू झाली. अंगणात ठेवायचं कुत्र्याचं लाकडी घर. शहरात म्हणे लोक रंग आणि डिझाइन बघून असलं घर निवडतात. आमच्याकडं गिऱ्हाईक आलं की आधी मूठ आवळून फळी वाजवतं. कारण उसात बिबट्या आहे, आणि बिबट्याला कुत्र्यासारखी सोपी शिकार दुसरी नाही.

* * *

पहिली ऑर्डर निमगाव सावाच्या एका रिटायर्ड गुरुजींची. मोबाइलवर फोटो घेऊन आले. लाल उतरतं छप्पर, पुढं कमानीचा मोकळा दरवाजा आणि कमानीवर नावाची पाटी. कुत्र्याचं नाव टायगर!

गुरुजींनी सगळा विचार केला होता. प्लाय पावसात फुगतो म्हणून सागवानी फळी. खालून ओल लागू नये म्हणून चार बोटं उंच पाय. पाटीवरची अक्षरं तर स्वतःच्या हातानं काढून दिली, फळ्यावर काढायचे तशी.

मिस्त्रींनीही जीव ओतून काम केलं. कमान अशी गोल, की देवघराला शोभावी.

महिन्याभरानं गुरुजी परत आले. मी विचारलं, "काय गुरुजी, टायगर खूश का?"

"टायगर गेला," ते म्हणाले. "बिबट्यानं घरातनंच ओढून नेला. फळीला एक ओरखडा नाही."

आणि मग गुरुजीच हसायला लागले. म्हणाले, "चूक माझीच. दारावर एवढं मोठं टायगर लिहून ठेवलं. त्याला वाटलं असेल, आपलंच घर आहे!"

हसता हसता त्यांनी चष्मा काढला, आणि मग कितीतरी वेळ ते तो पुसतच राहिले.

ते गेल्यावर मिस्त्री एवढंच म्हणाले, "दार बिबट्याच्या मापाचं झालं व्हतं." त्या दिवसापासून मोकळ्या दाराचं घर आमच्याकडं बंद. दाराला जाड जाळी आणि कडी-कोयंडा. फोटो कुठलाही दाखवा!

* * *

एक साहेब आले. उसाच्या कडेला नवा बंगला बांधलेला. म्हणाले, "मोठं घर पाहिजे. पुढनं उघडं. जाळीबिळी नको."

मी म्हटलं, "साहेब, ठेवणार कुठं?"

"गेटपाशी. बंगल्यापासून जेवढं लांब जाईल तेवढं."

"आणि कुत्रं?"

"साखळीनं बांधायचं."

मिस्त्री रंधा मारत होते. त्यांचा हात थांबला. "पण का?"

साहेबांनी अगदी शांतपणे समजावून सांगितलं. "बिबट्या आला तर आधी त्याला काहीतरी मिळालं पाहिजे. म्हणजे तो बंगल्यापर्यंत येणार नाही. साधं लॉजिक आहे."

मिस्त्री म्हणाले, "भाऊ, तुमाला कुत्र्याचं घर नगं. तुमाला बिबट्याचं ताट पायजे. ते आमी बनवत न्हाई."

साहेब तणतणत गाडीत बसले. मी मिस्त्रींना म्हटलं, "गिऱ्हाईक तोडलंत." ते परत रंधा मारायला लागले.

चार दिवसांनी त्याच गाडीतून साहेबांची बायको आली. एकटी. बाभळीच्या चौकटीचं, सगळ्यात जड घर तिनं निवडलं. जाळी दोन्ही हातांनी ओढून बघितली. म्हणाली, "हे माझ्या खिडकीखाली ठेवायचंय. भिंतीला चिकटून."

मी भीत भीत विचारलं, "पण साहेबांना गेटपाशी पाहिजे होतं ना?"

"मग त्यांनी जावं की गेटपाशी झोपायला!"

* * *

फाट्यावरच्या एका हॉटेलवाल्याला आम्ही असंच मजबूत घर दिलं होतं. हॉटेलच्या मागं भांडी घासायची जागा, तिथं ठेवलेलं. एकदा सकाळी सहाला त्याचा फोन. आवाज अगदी बारीक.

"भाऊ, मिस्त्रींना सांगा, काम एक नंबर झालंय. लई पक्कं."

मी म्हटलं, "हे सांगायला सहा वाजता फोन केला?"

"न्हाई... कुत्रं आत हाय. बिबट्या छपरावर बसलाय. त्याला उठवायचं कसं ते विचारायचं व्हतं."

जणू आम्ही छपराबरोबर त्याचीही गॅरंटी दिली होती! आम्ही पोचेपर्यंत उजाडलं होतं. दोन ट्रकवाल्यांनी मिळून हॉर्न दाबून धरले तेव्हा तो उठला आणि शांतपणे उसात चालत गेला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हॉटेलवाल्यानं मिस्त्रींना मिठी मारली. दार उघडलं. कुत्रं बाहेर येईना.

नावानं हाक मारली, लेगपीस दाखवला, दूध ठेवलं. दुपार झाली तरी ते मागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं. शेवटी मिस्त्रींनी स्क्रू काढून छप्पर उतरवलं आणि कुत्र्याला उचलून बाहेर ठेवलं. त्याच्या चारी पायांची नखं फुटून रक्त आलेलं. तळाच्या फळीवर, मागच्या भिंतीवर, सगळीकडं खोल चरे. ते सगळे आतून पडलेले. बाहेरून एकही नाही.

मिस्त्री बराच वेळ त्या चऱ्यांवरून बोट फिरवत होते. परत येताना गाडीवर मागून म्हणाले, "भाऊ, लोकं आपल्याला विचारत्यात भायेरनं किती मजबूत हाय. आत बसणाऱ्याला कोण विचारतंय?"

* * *

आणे पठारावरचा एक मेंढपाळ ओळखीचा आहे. पन्नाशीचा माणूस, उन्हानं रापलेला. तो आमच्याकडं फक्त खिळे मागायला येतो. कुत्र्याच्या गळ्यातल्या चामडी पट्ट्याला बाहेरच्या बाजूनं टोकदार खिळे ठोकायचे असतात. बिबट्या आधी मान धरतो ना, म्हणून.

एकदा मी त्याला तयार घरं दाखवली. "एक घेऊन जा की. फोल्डिंगचं करून देऊ. मेंढरांच्या वाड्याबरोबर हलवता येईल."

त्यानं वाकून आत बघितलं. "आन कुत्रं यात झोपल्यावर मेंढरं कोण राखणार? तुमी येता का, राव?"

त्यानं पिशवीतून पट्टा काढला. चामडं काळं पडलेलं. दोन खिळे वाकलेले, ते मिस्त्रींनी उपटून नवे ठोकून दिले.

मी म्हटलं, "पट्टा लई जुना झालाय. नवीन कर."

"पट्ट्याला काय बी झालं न्हाई," तो म्हणाला. "हे चौथं कुत्रं हाय त्यातलं."

* * *

आता मिस्त्रींचं सांगतो. त्यांनी स्वतः होऊन हे कधीच सांगितलं नसतं.

त्यांच्याकडं बाळ्या नावाचा कुत्रा होता. तांबडा, एक कान मुडपलेला. रोज सकाळी मिस्त्रींच्या सायकलमागं पळत वर्कशॉपला यायचा आणि संध्याकाळी परत जायचा. दिवसभर भुशाच्या ढिगावर झोपायचा.

मी कितीदा म्हटलं, "मिस्त्री, जगाला घरं देताय. बाळ्याला एक करा की!"

"करू. एवढ्या ऑर्डरी उरकू द्या."

ऑर्डरी कधी उरकतात का? एका संध्याकाळी घरी जाताना, उसाला लागून जो रस्ता जातो तिथं, मागून पायांचा आवाज यायचा थांबला. मिस्त्रींनी वळून बघितलं. रस्ता रिकामा. एवढंच त्यांनी मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळेला आले. समोर तीन ऑर्डरी पडलेल्या. त्यांना हात न लावता कडुनिंबाच्या जुन्या फळ्या काढल्या आणि कामाला लागले. टेप घेतला नाही. कागद नाही. हातानंच हवेत उंची धरायचे आणि फळी कापायचे. दोन दिवसांत घर उभं राहिलं. छप्पर बिजागरीवर उघडणारं, कडा घासून गोल केलेल्या, आतून काचेसारखं गुळगुळीत. असं काम मी त्यांच्या हातून पुन्हा बघितलं नाही.

ते घर वर्कशॉपच्या दाराशीच आहे. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तेच निवडतं! ओतूरकडचा एक माणूस तर हट्टालाच पेटला. "मला हेच द्या. दुसरं नको."

मिस्त्रींनी मान वर केली नाही. "ते बुक हाय."

"कुणी केलंय बुक?"

"हाय एक जण. येईल."

* * *

आणि हे मागच्याच पावसाळ्यानंतरचं, कांदा लागवडीच्या दिवसांतलं.

दुपारी एक बाई एसटीतून उतरून चालत आली. वर आंबेगावच्या डोंगरातली. पन्नाशीच्या आसपास, नऊवारीचा काष्टा, हाताला चिखल वाळलेला. बोटाला धरून चारेक वर्षांची नात. भातकापणीला अजून वेळ होता, म्हणून इकडं कांदे लावायला मजुरीनं आलेल्या.

"कुत्र्याची घरं हितंच मिळत्यात का?"

मी तिला तयार असलेली तीन घरं दाखवली. तिनं छप्पर बघितलं नाही, रंगही बघितला नाही. गुडघ्यावर बसून एकेका घरात स्वतःचं डोकं घातलं आणि वास घेतला.

"रंगाचा वास कवा जातो?"

"आठ दिवसांत."

"मग बिनरंगाचं द्या. दुपारी तापल का हे?"

"सावलीत ठेवा."

"बांधावर सावली कुटली? वरनं गोणपाट भिजवून टाकीन. वारा यायला भोकं हायती का?"

एवढे प्रश्न आजवर कुणी विचारले नव्हते. मिस्त्री हातातलं काम टाकून उठून आले. "मावशी, शेतात कशाला ठेवता? घरी ठेवा."

"घरी कोण हाय? लेक आन सून दोघंबी कारखान्यावर गेल्यात. मी वाफ्यात वाकलेली असती. मागं उभा ऊस. सारखी मान वळवून किती बघू?"

मिस्त्रींनी टेप काढला. "कुत्रं केवढं हाय? बरुबर आणलं असतं तर नीट माप घेतलं असतं."

बाईनं नातीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला पुढं केलं.

"आत जा गं. बस. पाय लांब कर."

पोरगी खूश! रांगत आत गेली. बसली. पाय पसरले, तर तळवे दाराबाहेर आले.

मिस्त्री टेप धरून तसेच उभे. बाईनंच त्यांच्या हातातला टेप घेतला, पोरीच्या टाचेपासून पाठीपर्यंत धरला आणि म्हणाली, "यापरीस वीतभर जास्त धरा. वाढती हाय."

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली, पण लिहिलं काहीच नाही.

तेवढ्यात पोरीनं पाय आत घेऊन दार ओढलं, आतून जाळीला तोंड लावलं आणि आम्हाला बघून मोठ्यानं ओरडली, "भू! भू! भू!"

मला हसू आलं. मिस्त्रींनाही आलं असावं.

बाई झटकन खाली वाकली. जाळीतून बोट आत घालून तिनं पोरीच्या ओठांवर ठेवलं.

"भुकायचं न्हाई, बाय. आत बसलं की आवाज काढायचा न्हाई."