खंडेनवमीची डिस्क

बाबा लूमवर होते. खाली माग, वर आमची खोली. माग चालू असले की माठातलं पाणीसुद्धा थरथरायचं. बाबांना कमी ऐकू यायचं, म्हणून घरात सगळे ओरडूनच बोलायचो. आई मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. मी कॉलेजात नाव घातलं तेव्हा आत्या म्हणाली, "शिकून काय दिवे लावणार? शेवटी कांड्याच भरायच्यात!" घराण्यातली पहिली पदवी माझी. मिरवते मी ती. का मिरवू नये?

आता पूर्णा गावातल्या एका गोदामातले कॉम्प्युटर माझ्याकडे आहेत. कुठला माल कुठल्या रॅकवर, कुठल्या गाडीत, हे सगळं एका सर्व्हरवर. त्याची सिस्टिम दोन डिस्कवर सारखीच ठेवलेली. एक गेली तर दुसरी सांभाळते. दोन्ही म्हाताऱ्या झाल्या होत्या. मी नव्या मागत राहिले. शेठ म्हणायचे, "चालतंय न्हवं? मग?" एक डिस्क मेली, तेव्हा कुठे नव्या आल्या. तरी मॅनेजर, म्हणजे शेठचे मेहुणे, आम्हा सगळ्यांचे मामा, म्हणाले, "मुंबईवरनं मानूस बोलवू. या पोरीला न्हाय जमायचं."

"जमेल," मी म्हटलं. "नाही जमलं तर उद्यापासून येत नाही."

मेलेल्या डिस्कच्या जागी नवी लावली. उरलेल्या जुन्या डिस्कवरून तिच्यावर नक्कल सुरू झाली. त्या दिवशी खंडेनवमी. फोर्कलिफ्टला, वजनकाट्याला, स्कॅनरला झेंडू. सर्व्हरच्या कपाटालाही हार घालू दिला मी. पण चहा घेऊन परत येते तर पूजेच्या ताटात, नारळाशेजारी, जुनी डिस्क. हळदकुंकू लावलेली. चालू सर्व्हरमधून खेचून काढलेली!

"ही कुणी काढली?"

"इतकी वर्सं राबली ती. तिची पूजा नको?" मामा म्हणाले. "नवी लावली हाय ना तू?"

"नवी अर्धीच भरलीय, मामा!"

बाहेर स्कॅनर बंद पडले. गाड्या अडल्या. शेठ आले, आणि मामांनी सरळ सांगितलं, "पोरीनं बंद पाडलं, बघा."

मग मी ओरडले. खाली माग चालू असताना घरी ओरडायचो, तशी. "हात कुणी लावला ते ताटात दिसतंय! विचारायला तोंड नव्हतं?"

"आवाज खाली," शेठ म्हणाले.

"डिस्क मागत होते तेव्हा खालीच होता, शेठ. ऐकला कुणी?"

मी ब्रशने डिस्कच्या खाचेतलं कुंकू झाडलं आणि ती परत बसवली. सर्व्हर तिला ओळखेना. परकी डिस्क म्हणाला. आमचीच आहे, असं त्याला सेटिंगमध्ये जाऊन सांगावं लागलं. तो सुरू झाला. नक्कल पहिल्यापासून लावली आणि कपाटाला पाठ लावून उभी राहिले. मामा प्रसाद घेऊन आले. "तिथंच ठेवा," म्हटलं. पहिली नवी भरली, मग जुनी मी माझ्या हाताने काढली आणि दुसरी नवी लावली.

सिस्टिम दोन्ही नव्या डिस्कवर आली. एकही नोंद हरवली नाही. मुंबईहून कुणी आलं नाही. त्या कपाटाची किल्ली आता माझ्याकडे असते.