दुखण्याचा आकडा

माझा उजवा घोटा मुरगळला तो लालबागच्या मिरची गल्लीत, अर्धा किलो मिरचीची पिशवी हातात असताना. चाळ होती तेव्हा आम्ही चार बिऱ्हाडं मिळून पंधरा किलोंचा मसाला करायचो. चाळ पाडून टॉवर उभा राहिला, माणसं पांगली, आणि दुकानदार मला विचारू लागला, "मावशी, अर्धाच?" त्याच्याकडे रागाने बघायच्या नादात माझं गटाराच्या झाकणाकडे लक्ष गेलं नाही. चूक माझीच, पण राग अजून त्याच्यावर आहे.

परळच्या रुग्णालयात सांगितलं, हाड शाबूत आहे, लिगामेंट अर्धवट फाटलंय. तिथेच एक संशोधन चाललं होतं. चिनी पद्धतीचा वनस्पतींचा लेप अशा दुखापतीवर खरंच लागू पडतो का, ते त्यांना तपासायचं होतं. निम्म्यांना खरा लेप, निम्म्यांना तसाच दिसणारा, तसाच वास येणारा खोटा. कुणाला कुठला, ते देणाऱ्यालाही ठाऊक नाही. लेपात असतं काय, म्हणून विचारलं तर करडईची फुलं, रेवाचिनीचं मूळ आणि कसल्याशा झाडाची साल. करडईसाठी चीन कशाला गाठायला हवा, असं मी म्हणालेसुद्धा. माझी आई आंबेहळद नि रक्तचंदन उगाळून लावायची आणि कुणाच्या सह्या घ्यायची नाही. इथे सहा पानांचं माहितीपत्रक होतं. एकतीस वर्षं विमा कचेरीत "वाचल्याशिवाय सही करू नका" असं लोकांना दटावलेली मी, पहिलं पान वाचलं आणि सही ठोकून मोकळी झाले. पाय ठणकत होता.

दर गुरुवारी चार वाजता त्या संशोधनावर काम करणाऱ्या तरुण डॉक्टर मुलीचा फोन यायचा. ती मला काकू म्हणायची. मी कुणाच्याच काकाशी लग्न केलेलं नाही, असं ओठांवर यायचं, पण गिळून टाकायचे. प्रश्न ठरलेले: सूज आहे का, जिना उतरताना दुखतं का, लेप रोज लावता ना. आणि शेवटी, "शून्य ते दहामध्ये दुखणं किती?"

पहिल्या वेळी मी सवयीने "बरंय" म्हणाले.

"बरंय नको काकू, आकडा सांगा."

मी आठ सांगितलं. मग सात. मग पाच.

इतक्या वर्षांत माझ्या दुखण्याची कुणी एवढी नेमकी चौकशी केली नव्हती. आता मी सतराव्या मजल्यावर राहते. लिफ्टमधली माणसं मोबाइलमध्ये बघतात आणि दारं आतून बंद असतात. चाळीत दुखणं लपवायची सोयच नव्हती. जरा लंगडताना दिसलं की गॅलरीच्या टोकापासून "काय गो, पायाक काय झाला?" सुरू व्हायचं. तेव्हा मला त्याचा वैताग यायचा. आता गुरुवारी मी साडेतीनलाच चहा उरकायचे, टीव्ही बंद करायचे आणि फोनजवळ बसायचे. लाज वाटायची, तरी बसायचे.

पाचव्या आठवड्यात घोटा बरा झाला. चिंचपोकळीचा पूल चढून-उतरून आले, काही म्हणजे काही जाणवलं नाही. चार वाजता फोन वाजला. शून्य म्हटलं की तिचं काम संपणार, आणि काम संपल्यावर कोण कुणाला फोन करतं? मी म्हणाले, "चार." पुढच्या गुरुवारी पुन्हा चार. त्याच्या पुढच्याही. लेप मात्र नेमाने लावत होते, तेवढं तरी खरं असावं म्हणून.

आठव्या गुरुवारीही मी चार सांगितलं. तिने नेहमीसारखा निरोप घेतला नाही.

"काकू, तुम्हाला माझा प्रश्न नीट कळतो ना? बाकी सगळ्यांचे आकडे खाली येतायत, तुमचा चारवरच अडकलाय. सर म्हणाले, तूच नीट विचारत नसशील. माझंच काहीतरी चुकतंय बहुतेक."

मला त्या सरांचा सणकून राग आला. मग कळलं की ज्याच्यावर रागवायचं ते माणूस इथेच, खुर्चीत बसलंय.

"तुझं काही चुकत नाही गं. शून्य आहे. तीन आठवडे झाले."

"मग चार का सांगितलंत?"

"बरी झाले म्हटलं की तू फोन करायची थांबशील, म्हणून."

ती हळूच म्हणाली, "काकू, फोन तर बारा आठवडे येणारच होते. दुखो न दुखो. चौथ्या पानावर लिहिलंय ते."

मी फोन कानाला तसाच धरून कपाटातून माहितीपत्रक काढलं. चौथ्या पानावर होतं, ठळक अक्षरांत.

"आता?" मी विचारलं.

"आता सरांना सांगावं लागेल. तुमचे आकडे बहुतेक धरता येणार नाहीत. आणि मग फोनही..." ते तिने पुरं केलं नाही. "काळजी घ्या," म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

माझा लेप खरा होता की खोटा, ते मला कधी कळलं नाही. घोटा कशाने बरा झाला, हे त्यांच्या उपयोगी पडलं असतं, ते माझ्यामुळे वाया गेलं. त्याचं वाईट वाटतं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त वाईट उरलेल्या चार गुरुवारांचं वाटतं. ते माझे होते आणि मीच घालवले.

पुढच्या गुरुवारी साडेतीनला चहा झाला. टीव्ही बंद करून मी चार वाजता फोनजवळ बसले होते. घोटा अजिबात दुखत नव्हता.