डॉब्सनसाहेबांचा खापरपणजोबा

“मग? सापडले का माझ्या खापरपणजोबाचे आईबाप?” डॉब्सनसाहेबांनी केबिनच्या दारातूनच गर्जना केली आणि माझ्या हातातल्या चहाला भरती आली.

सापडले होते. म्हणजे अर्धे सापडले होते. तीच तर पंचाईत होती.

मी कुवेतमधल्या शुऐबाच्या एका पेट्रोकेमिकल प्लान्टमध्ये इन्स्पेक्शन इंजिनिअर. डॉब्सनसाहेब माझे मॅनेजर, अस्सल इंग्रज, आवाज असा की प्लान्टच्या चिमणीवरची ज्योत वाकावी. त्यांच्या ड्रॉवरमध्ये माझ्या दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्ट रिन्यूअलचं पत्र सहीविना पडलं होतं. सही नाही तर इकामा नाही, म्हणजे इथे राहायचा परवाना नाही. आणि मुलगी ऐन बारावीत. माझी झोप जी उडाली ती थेट नाशिकलाच जाऊन उतरली असावी.

माझं काम पाइपांची कुळं काढायचं. भट्टीतून पोलादाचा एक घाणा निघाला की त्याला एक हीट नंबर मिळतो आणि तो पाइपवर ठोकतात. सर्टिफिकेटवर तोच नंबर असेल तर पाइप खरा. नाव, साइज, कंपनी सगळं जुळलं आणि नंबर चुकला, तर रिजेक्ट. मी असे इतके पाइप परत पाठवलेत की जोडले तर आमच्या कुवेतातल्या सलवा वस्तीचं पाणी सोलापूरला पोचेल.

“तू पाइपांचे आईबाप शोधतोस, आता माझ्या जॉर्जचे शोध,” साहेब म्हणाले होते. हा सैनिक जॉर्ज लँगली डॉब्सन एकोणिसाव्या शतकात देवळालीच्या छावणीत होता आणि मी नाशिकरोडचा. साहेबांच्या हिशेबाने आम्ही शेजारीच.

वंशवृक्ष त्यांच्याकडे तयार होता. त्यात जॉर्ज एका हवेलीवाल्या जमीनदाराचा मुलगा. साहेबांना तो फ्रेम करून आईच्या नव्वदीला द्यायचा होता. मी फक्त शिक्का मारायचा.

पण डोळे मिटून शिक्का मारणं आपल्याला जमत नाही. नेटवर जॉर्जचे फौजेतून सुटतानाचे कागद मिळाले. त्यात गाव आणि वय होतं. मग त्या गावच्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी काढल्या. बाप्तिस्मा म्हणजे त्यांचं बारसंच म्हणा. जॉर्ज डॉब्सन दोन निघाले. जमीनदाराचा जॉर्ज वर्षाचा व्हायच्या आत वारला होता, दफनाची नोंदही होती. ते पोर देवळालीत कवायत कशी करणार? उरला दुसरा. आई मेरी डॉब्सन, अविवाहित मोलकरीण. बापाची जागा कोरी.

“अहो, सापडलं नाही म्हणून सांगा,” बायको म्हणाली. “त्या मेरीपायी आपण काय बॅगा भरायच्या?”

“आणि उद्या पाइप फुटला तर?”

“खापरपणजोबा फुटत नसतात!”

“बाबा, जस्ट टेल हिम,” पुस्तकातून मान वर न काढता मुलगी म्हणाली. तिच्यासाठीच तर मी घाबरत होतो.

तर दारातल्या त्या गर्जनेनंतर मेरीच्या नोंदीचा कागद मी साहेबांपुढे सरकवला. त्यांनी वाचला. पुन्हा वाचला. एसी मला कॉम्प्रेसरसारखा ऐकू यायला लागला.

“म्हणजे हवेली गेली.”

“गेली, साहेब.”

“आईनं त्या घराण्याचं मानचिन्ह चहाच्या कपांवरसुद्धा छापून घेतलंय.”

मी कपांबद्दल दुःख व्यक्त केलं.

“आणि बाप?”

“कोरा.”

साहेबांनी ड्रॉवर थोडा उघडला आणि बंद केला. माझं काळीज त्यात चेपलं.

घाबरलो की मी बडबडतो. म्हणालो, “साहेब, आमच्यात मधलं नाव बापाचं. त्याच्याशिवाय आमचं कुठलंच काम पुढे सरकत नाही. इथल्या कुवेतींचंही तसंच. मग तुमच्या जॉर्जच्या मधे हा लँगली कोण?”

“आमच्यात मधे कुणीही असतं. एखादा काका, एखादा…” साहेब थांबले. “लग्नाशिवायच्या मुलाला कधी कधी बापाचं आडनाव मधे देत असत.”

दोघांनी मिळून नोंदी पुन्हा चाळल्या. गावात लँगलींचं एकच घर होतं. लोहाराचं.

साहेब मेरीच्या नावावर बोट ठेवून बसले. “पाद्र्यानं जागा कोरी ठेवली. बाईनं त्याला पोराच्या नावातच आणून बसवलं.” मग एकदम गरजले, “लिही! बाप, लँगली लोहार!”

“नाही लिहिता येणार, साहेब. हा अंदाज आहे. होल्ड.” होल्ड म्हणजे माल नाकारायचा नाही आणि वापरायचाही नाही, पुरावा येईपर्यंत बाजूला ठेवायचा. बोलून गेलो आणि जीभ चावली.

“इतक्या पिढ्यांनी आम्हाला बाप मिळतोय, आणि तू त्याला होल्डवर टाकतोस?”

मी मनातल्या मनात बॅगा भरल्या, विमानात बसलो, नाशिकरोडला उतरलोसुद्धा. साहेबांनी पत्र बाहेर काढलं, दोन वर्षांवर काट मारून एक केलं आणि सही ठोकली.

“दुसरं वर्ष होल्ड,” म्हणाले.

मुलीची बारावी निभावली. नव्वदीला फ्रेम गेली, त्यात सगळ्यात वर मेरी आणि तिच्या शेजारी एक रिकामा चौकोन. मी शिकलो ते एवढंच की साहेबाचे पूर्वज शोधायला घेण्याआधी स्वतःच्या कागदावर सही करून घ्यावी.