टिकलीएवढा देश
खळीचा वास आला की भोपाळच्या क्वार्टरमध्ये आईने भिंतीला चिकटवलेला जगाचा नकाशा आठवतो. कारखान्याने बाबांना लिबियाला पाठवलं होतं आणि तिथल्या वाळवंटात त्यांची जीप बेपत्ता झाली होती. आई रोज पूजा झाली की त्या देशावर कुंकवाचं बोट टेकायची. “टिकलीखाली झाकला जातो एवढासा तर देश, सापडतीलच,” म्हणायची. शेजारचे भूगोलाचे मास्तर धीर द्यायला आले, त्यांनाही तिने नकाशावर बोट ठेवून हेच सांगितलं, तसे ते बोलून गेले, “भाभीजी, नक्शे पे मत जाइए. आधे हिंदुस्तान से बड़ा है. आदमी गिनती के, बाकी सब रेत.” बाहेर पाळीचा भोंगा वाजला, तरी आईने नकाशावरचं बोट उचललं नाही. आजही मोबाइलवर तो देश मी दोन बोटांनी मोठा करत जाते, आणि नुसती वाळू वाढत जाते.