अनुभव असल्यास लिहावा

कौसल्याबाईला जे विचाराल, नेमकं त्याचंच उत्तर मिळायचं. एस.टी.च्या कंडक्टरनं "कुठं जायचं?" विचारलं की ती म्हणे, "माहेरी." कंडक्टर चिडायचा आणि आम्ही मागं बसून पोट धरून हसायचो. मारेगावजवळच्या आमच्याच गावची ती. नवरा नागोराव गाडीवान, ती स्वतः चौथी पास. सत्तावन्न साली घरदार बौद्ध झालं, तेव्हापासून तिची मान जरा ताठच असायची, आणि मला ती तशीच आवडायची.

त्रेसष्टच्या हिवाळ्यात दवाखान्यात आया नेमायची होती. मी पंचायत समितीत कारकून. पंजाबराव आमचे सभापती आणि कौसल्याबाईचे मालकही. त्यांच्याच शेतात ती कापूस वेचायची. अर्ज टाकला त्याच दिवशी तिनं वेचणी सोडली. "आता वापस येनार नाही," असं मालकाच्या तोंडावर सांगून आली. म्हणजे नोकरी मिळाली नाही, तर त्याच दारात खाली मान घालून उभं राहायचं.

निवडीला पंजाबराव, बीडीओ साहेब आणि पुण्याकडचे नवे डॉक्टर असे तिघं बसले. बाकीचे अर्ज सगळे एका साच्यातले, "नम्र विनंती"नं सुरू होऊन "आपला आज्ञाधारक"वर संपणारे. साहेबांना जांभया आवरेनात. मग मी कौसल्याबाईचा अर्ज उघडला. जाहिरातीत छापलं होतं, अनुभव असल्यास लिहावा. तिनं तो लिहिला होता.

मी वाचू लागलो. "सासूचा अनुभव: वाईट. मरताना माझाच हात धरला, म्हणून निम्मा चांगला धरावा. नवऱ्याचा: बरा. बैलांशी जास्त बोलतो. नणंदेचा: कागद पुरणार नाही. सरकारचा: अजून आला नाही, म्हणून अर्ज केला."

बीडीओ साहेब टेबलावर आडवे झाले. डॉक्टरांचा चष्मा खाली पडला. पंजाबराव मांडी थोपटत म्हणाले, "वाचा, वाचा, कायले थांबले?"

थांबलो होतो, कारण पुढची ओळ मी आधीच मनात वाचली होती. "पंजाबराव मालकाचा: भाषणात चांगला, विहिरीवर वाईट. आम्हाला पाणी वरून ओंजळीत ओततात."

वाचली. हसणं बंद पडलं. पंजाबरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"बलवा तिले," ते म्हणाले.

ती आली, पदर खोचून उभी राहिली. साहेबांनी समजावलं, "बाई, अनुभव म्हणजे केलेल्या कामाचा."

"मंग कामाचा म्हना न साहेब. काम त जलमापासून करून राह्यली. त्याले अनुभव म्हंतेत, हे मले काय मालूम?"

डॉक्टर तोंडावर रुमाल धरून गदगदत होते. साहेबांना मात्र घाम फुटला होता. "सभापतींबद्दलची ओळ मागे घे," ते म्हणाले. "मग पुढचं पाहू."

नोकरी त्या एका ओळीवर येऊन ठेपली. घे ना बाई मागे, मनातल्या मनात मी तिच्या पाया पडलो.

तिनं पंजाबरावांकडे पाहिलं. "मालक, मांगं घेतली त लबाडी होईन का नाही, तुमीच सांगा."

पंजाबरावांनी मिशी ओढली. मग कोपऱ्यातल्या माठाकडे बोट दाखवून म्हणाले, "पानी आन. तुयाच हातानं."

तिनं पेला भरून आणला. सभापती सगळ्यांसमोर गटागटा प्याले आणि रिकामा पेला टेबलावर ठेवला. "आता लिव. चांगला."

"हा हापिसातला झाला, मालक," ती शांतपणे म्हणाली. "विहिरीचा बाकी हाय."

आधी डॉक्टर फुटले, मग साहेब. शेवटी पंजाबरावही डोळे पुसत हसू लागले. "आना तो कागद," ते म्हणाले. "हे बाई माया शेतात राह्यली, त मले एक भाषन करू देनार नाही. घाला तिले दवाखान्यात."

त्यांनी सही ठोकली. विहिरीबद्दल मात्र शब्द काढला नाही. तिनंही ओळ खोडली नाही, आणि त्याच ओळीखाली मंजुरीचा शिक्का मारताना मला नाचावंसं वाटत होतं.