लाइनमन अप्पांचा ड्रोन

लाइनमन अप्पा कुठल्याही वस्तूला आधी हाताची पालथी बाजू लावत. चहाचा ग्लास असो, दुकानाचं शटर असो, नाहीतर माझ्या काउंटरवर चार्जिंगला लावलेला मोबाइल असो. आधी बोटांची पाठ हळूच टेकवायची, क्षणभर थांबायचं, आणि मगच हात सुलटा करून वस्तू धरायची. तळहाताला करंट लागला तर मूठ आवळते आणि तार सुटत नाही, पालथ्या हाताला लागला तर हात मागे फेकला जातो, म्हणून ही सवय. एकदा मी त्यांना पेढा दिला तर त्यालाही त्यांनी आधी बोटांची पाठ लावली. मी म्हटलं, अप्पा, पेढ्यात करंट नसतो. "आदत हाय अक्का," म्हणाले आणि खाल्ला.

बीदर जिल्ह्यातल्या मन्नाएखेळ्ळीत हायवेच्या कडेला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. घरात आम्ही कन्नड बोलतो, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि गिऱ्हाईक भांडायला लागलं की दखनी. माझं तोंड फटकळ, हे गावभर माहीत आहे. तरी लोक येतात, कारण काम चोख. अप्पांचं घर गावाच्या शेवटाला, बुद्धविहाराच्या पलीकडे. सगळी नोकरी वीजखात्यात, खांबांवर चढण्यात गेलेली. रिटायर झाल्यावर रोज सकाळी पेपर वाचून झाला की ते माझ्या दुकानात स्टुलावर येऊन बसत. गावात लाइट गेली तर ती आपल्याच हातून गेली असा चेहरा करत.

त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणते. मोरीत पाय घसरून त्यांचा खुबा मोडला. कलबुर्गीला ऑपरेशन झालं, पण त्यानंतर त्यांचं चालणं पलंगापासून उंबऱ्यापर्यंतच राहिलं. आता ओढ्यापलीकडचं त्यांचं शेत कागदावर अप्पांच्या नावचं असलं तरी खरं मावशींचं. अप्पा खांबावर, आणि पेरणी, खुरपणी, रास सगळं मावशींनी केलेलं. त्या रानातला दगड न् दगड त्यांना पाठ. आणि ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. एकदा ऑटोत घालून न्यायला गेले, तर काळ्या मातीच्या चाकोरीत ऑटो असा उसळला की अर्ध्या वाटेवरून कळवळत परत यावं लागलं. डॉक्टरांनी पुन्हा तसं करू नका म्हणून बजावलं.

तेव्हापासून शेतात जायचे अप्पा आणि पलंगावरून विचारायच्या मावशी. तूर कशी आहे? चांगली हाय. उडीद? चांगला हाय. तण? तेबी चांगलं हाय. मावशी कपाळावर हात मारून घ्यायच्या. ह्यांचे डोळे जन्मभर तारांवर, जमिनीवर कधी आलेच नाहीत, असं मला सांगायच्या. व्हिडिओ कॉलसुद्धा करून झाला. त्यात मावशींना अप्पांचा अंगठा दिसला, चपला दिसल्या आणि बराच वेळ आभाळ. शिवाय त्यांचं दुखणं वेगळंच होतं. "तुम्ही दाखवायलाव तेच दिसायलंय," त्या म्हणाल्या. "मला बघायचंय ते कुठं दिसायलंय?"

मग हळूहळू त्यांनी विचारायचंच सोडलं. अप्पा शेतातून आले की त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. पाऊस आला, उघडला, काहीच विचारायच्या नाहीत. अप्पांनी हे मला सांगितलं त्या दिवशी त्यांच्या काखेतला पेपर न वाचता तसाच घडी घातलेला होता.

"इचारंना झालीय अक्का," ते म्हणाले. "शिव्या दिल्या असत्या तर बरं हुतं."

अशात एका लग्नाच्या शूटिंगवाल्याचा ड्रोन माझ्याकडे दुरुस्तीला आला. मांडवाच्या झालरीत अडकून त्याची पाती मोडली होती. अप्पांनी रिवाजाप्रमाणे त्याला बोटांची पाठ लावली, मग विचारलं, हे वर जाऊन काय करतंय? मी सांगितलं, वरून बघतंय आणि खाली आपल्या मोबाइलवर दाखवतंय. तेव्हाच्या तेव्हा? तेव्हाच्या तेव्हा. आणि खालचा माणूस म्हणेल तिकडं वळतंय? वळतंय. अप्पांनी चहा अर्धा ठेवला आणि उठून गेले. अर्धा चहा ठेवणारा माणूस नव्हे तो.

दुसऱ्या दिवसापासून माझं डोकं खायला सुरुवात झाली. ड्रोन घ्यायला येणारी इतर माणसं तुम्हीही पाहिली असतील. किती के, किती उंच, किती जोरात, एवढं विचारतात आणि खोक्यावरच्या फोटोला भुलतात. अप्पांचे प्रश्न निराळेच. वारं आलं तर जागेवर उभं राहतंय का? तार दिसली तर आपसूक थांबतंय का? कावळे मागं लागले तर? बॅटरी संपायला आली तर घरी परत येतंय की तिथंच बसतंय? मावशींनी थांब म्हटलं तर थांबलं पाहिजे, ही तर मुख्य अट. मी एकदा वैतागून म्हटलं, अप्पा, असं कुणाच्या शब्दावर थांबणारं ह्या गावात माणूससुद्धा नाही.

पण त्यांच्या चिवट प्रश्नांमुळे मीही शिकले. आधी आम्ही एक स्वस्तातला आणून पाहिला. खोक्यावर मोठ्या अक्षरात चार के लिहिलेलं, आत चित्र असं थरथरायचं की मावशींना भोवळ आली असती. दुकानामागे उडवला तर पहिल्याच झुळुकीबरोबर हायवे ओलांडून धाब्याच्या पत्र्यावर जाऊन पडला. तेव्हा ठरलं की कॅमेरा स्थिर धरणारा जोड, ज्याला गिंबल म्हणतात, तो पाहिजेच. वाट चुकला तर उडाल्या जागी परत येणारा पाहिजे. आणि वजनाला अगदी हलका पाहिजे, म्हणजे परवानग्यांची कटकट कमी. एवढं सगळं असलेला नवाकोरा घ्यायचा तर पेन्शनीत बसेना, आणि पेन्शनीत बसणाऱ्यात हे सगळं असेना.

बीदरला एका दुकानात बरा माल आहे असं कळलं म्हणून आम्ही बसनं गेलो. दुकानदारानं डबा उघडून दाखवला. अप्पा म्हणाले, उडवून दाखवा. तो हसायला लागला. बीदरला हवाई दलाचा तळ, ड्रोनच्या नकाशात अख्खं शहर लाल, म्हणजे उडवायला बंदी. तिथं खेळण्यातलं काही वर गेलं तरी खाली पोलीस उभे राहतील. अप्पांनी डब्याकडे पाहिलं, दुकानदाराकडे पाहिलं आणि उठले. खांबावर चढल्याशिवाय लाइन दुरुस्त झाली असं लिहून देणाऱ्या माणसांवर त्यांचा जन्मभर राग होता. परतीच्या बसमध्ये मी गप्प बसले होते, म्हणजे किती चिडले होते ते समजा.

शेवटी मी बोललेच. "अप्पा, मावशींना पसंत करताना तरी एवढं बघितलं होतं का?"

"तवा म्या कुठं बघितलं? तिनं बघितलं."

मग त्यांनी सांगितलं. मावशींचं माहेर कडगंची. अप्पा नवे नोकरीला लागलेले, तिथं खांबावर तार ओढत होते. खाली एक पोरगी शेळ्या राखत होती, ती मान वर करून बघतच राहिली. शेळ्या कुणाच्या तरी ज्वारीत शिरल्या, तिला घरी बोलणी बसली. भावानं विचारलं, कुठं लक्ष होतं तुझं? तिनं खरं तेच सांगितलं, आणि भाऊ चौकशी करत अप्पांच्या घरी आला. हे सांगताना अप्पा खिडकीबाहेर बघत होते आणि कान लाल झालेले. माझा राग मन्नाएखेळ्ळी यायच्या आत गेला.

ड्रोन शेवटी मिळाला तो त्याच मोडक्या पात्यांच्या शूटिंगवाल्याकडून. त्यानं मोठा घेतला, जुना विकायला काढला. मी पाती बदलली, उघडून आतून बघितला, बॅटऱ्या तपासल्या. अप्पांनी आठवडाभर तो माळावर रोज उडवून घेतला, सकाळचा, दुपारचा, वाऱ्यातला. मगच हो म्हणाले. रिमोट मात्र हातात धरायला तयार नाहीत. ते तुमचं काम, मी शेतात उभा राहतो, ती विचारंल ते दाखवायला कुणी पाहिजे की, म्हणाले.

रविवार होता. मावशींचा पलंग आम्ही अंगणात कडुलिंबाखाली आणला. समोर खुर्चीवर मोठ्या स्क्रीनचा टॅब टेकवला. मावशी रुसलेल्याच होत्या; हे काय पोरखेळ लावलंय, म्हणाल्या. ड्रोन वर गेला. घराचं छत आलं, विहाराचा निळा झेंडा आला, ओढा आला. ओढ्यापलीकडचं पहिलं रान आलं आणि त्यांचा हात एकदम माझ्या दंडावर बसला.

"थांब थांब. ही आपली बांधावरची बाभळ."

पुढचा सगळा वेळ मी रिमोटवर आणि मावशी माझ्यावर. डावीकडं घे, मागं घे, खाली घे. गुडघ्याएवढी तूर, मधल्या ओळींत उडीद. आणि उडदात, वरून कुणालाही दिसावा असा, तणाचा हिरवागार पट्टा. मावशींनी फोन लावायला सांगितला. खुरपणी झाली म्हणून सांगणारे अप्पा स्क्रीनवर फोन कानाला लावून उभे होते, आणि मावशींनी त्यांची अशी हजेरी घेतली की शेजारपाजारच्या बायका येऊन उभ्या राहिल्या. शेजाऱ्यानं बांध कोरलाय तेसुद्धा दिसलं. अप्पा फक्त व्हय, व्हय म्हणत होते. नंतर दुकानात येऊन त्यांनी त्या आवाजाबद्दल मला किती वेळा सांगितलं असेल! शिव्या मिळाल्या अक्का, म्हणायचे, आणि कुणी बक्षीस दिल्यासारखे हसायचे.

पण मला त्यानंतरचं आठवतं. तण झालं, बांध झाला, मी ड्रोन वळवायला लागले तर मावशी म्हणाल्या, अजून थोडं खाली घे, ह्यांच्यापाशी. मग फोनवर म्हणाल्या, मधी हुबं ऱ्हावा, हलू नका. अप्पा आज्ञाधारकासारखे तुरीत जाऊन उभे राहिले. वरून काय दिसणार, डोकं आणि खांदे. मावशी बघत राहिल्या.

"टक्कल पडलंय की ह्यांना," त्या हळूच म्हणाल्या. अप्पा उंच, त्यामुळे डोक्याचा मधला भाग त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. मी म्हटलं, मावशी, आणू का खाली? बॅटरी ओरडायला लागलीय.

"जरा थांब पोरी. लग्नाआधी बघितलं तेवढंच. नंतर हे खांबावर असले की माझ्यानं वर बघवायचं न्हाई, जीव धाकधूक करायचा. आज जमिनीवर हायत, बघू दे."

मी थांबले. दोन-चार मिनिटं असतील. मग जे होईल ते होईल म्हणून बॅटरी पार संपेपर्यंत थांबले असते, पण यंत्रच शहाणं निघालं आणि आपण होऊन घरी आलं.

त्यानंतर दर रविवारी मी दुकान उशिरा उघडायला लागले. पहिल्या बॅटरीत शेत, दुसऱ्या बॅटरीत अप्पा. अप्पा आता शेतात जायच्या आधी डोक्याला तेल लावून भांग पाडायचे, आणि जेवढे केस होते तेवढे मधल्या टकलावर आणायचे. मी चिडवलं तर म्हणायचे, वारं हाय म्हणून. मावशींनी पलंगावरून शेत पुन्हा हातात घेतलं. त्या वर्षी त्यांची तूर पार निर्णा गावापर्यंत नावाजली गेली. विचारणं परत सुरू झालं, रागावणं सुरू झालं, भाकरी नीट जायला लागली. ड्रोन कुठला घ्यावा म्हणून अजून लोक माझ्याकडे येतात. मी त्यांना अप्पांचेच प्रश्न विचारते: वाऱ्यात थांबतंय का, घरी परत येतंय का, आणि बघणार कोण आहे?

दुसऱ्या वर्षी तुरीच्या शेंगा वाळायला लागल्या तेव्हा अप्पा गेले. सकाळी उठलेच नाहीत. मी बातमी ऐकली तेव्हा हातात कुणाचा तरी उघडलेला मोबाइल होता. तो मी तसाच टाकून धावले. माणूस गेल्यावर रडू नये असं आमच्या घरात सांगतात. मी रडले, भर अंगणात.

त्यांना शेतातच माती दिली, बाभळीच्या खाली. इकडं ज्याचं रान आहे त्याला रानातच ठेवतात. बेंगळूरला असणारा त्यांचा मुलगा आला होता, गाव आलं होतं. मावशींना तेवढं ओढ्यापलीकडं जाता आलं नाही. उंबऱ्यापर्यंत आल्या आणि दाराला धरून उभ्या राहिल्या.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले, आणि मावशींनी मला बोलावणं पाठवलं. पलंग लिंबाखालीच होता. मुलगा शेजारी बसला होता. मावशी म्हणाल्या, चालू कर. मी ड्रोन वर नेला. छत, विहार, ओढा. ह्या वेळी त्यांनी डावीकडं-उजवीकडं काही म्हटलं नाही. बाभळीपाशी आल्यावर हात वर केला, मी थांबवला. खाली घे म्हणाल्या, खाली घेतला. मातीचा लांबट उंचवटा, त्यावर सुकलेली फुलं, एक विझलेली मेणबत्ती, आणि तिन्ही अंगांनी पिकलेली तूर.

मावशी खूप वेळ बघत होत्या. मग पुढं वाकून त्यांनी स्क्रीनवर, त्या उंचवट्याच्या शेजारी, बोट ठेवलं.

"हितं माझ्यापुरती जागा सोडलीय न्हवं?"

मुलानं मान खाली घातली होती. मी स्क्रीन नीट पाहिली, बाभळीपासून तुरीपर्यंत, आणि म्हटलं, "सोडलीय, मावशी."

"मग औंदा तेवढं पेरू नका," त्यांनी मुलाला सांगितलं, आणि बोट तिथंच ठेवून बघत राहिल्या.