दोर बांधणारे दादा

गाठ मारून झाली की दादा ती तीनदा ओढून पाहत. मग समोरच्याच्या डोळ्यांत बघून विचारत, "घाबरलात ना?"

"हो" म्हटलं की त्यांचा चेहरा सैल पडे. "बरं झालं. चला मग वर."

"नाही" म्हटलं की ते बांधलेला दोर मुकाट्याने सोडायला लागत.

नाशिकमध्ये बनलेला तो सुपरहिरोचा चित्रपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्यातला सुपरहिरो म्हणजे पाथर्डी फाट्यावरच्या एका भाजीवालीचा मुलगा. खलनायक त्याच्या आईला चौथ्या मजल्यावरून ढकलतो, मुलगा ते पाहतो आणि त्याचे पाय पहिल्यांदा जमीन सोडतात. तो सुपरहिरो होतो तो असा. ती भाजीवाली म्हणजे मी. एरवी मी मेडिकलच्या दुकानात औषधं देते. तीस वर्षं हौशी नाटकांत कामं केली, पण स्टेजची उंची ती किती? चार फूट. बांधकाम चालू असलेल्या त्या इमारतीचा चौथा मजला मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा माझ्या तोंडाला कोरड पडली आणि ती पुढचे बारा दिवस गेली नाही.

उंचीवरून पडायची, उडायची दृश्यं असली की माणसांना केबलने बांधून लटकवावं लागतं. ते काम दादांचं. ते मनमाडचे. वय पंचावन्नच्या आसपास, अंगाने बारीक, तळहातांना दगडासारखे घट्टे. मुंबईत तीस वर्षं त्यांनी मोठमोठ्या नटांना हवेत उडवलं होतं. साडीच्या आतले पट्टे मला कपडेपटातली मुलगी बांधायची. पाठीमागच्या कडीत केबल अडकवायची ती मात्र दादांनीच. दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना चालत नसे.

आणि हा माणूस सेटवरचा सगळ्यात भित्रा! कुत्रं दिसलं की रस्ता बदलायचा. कुणी स्कूटरवर मागे बसवलं तर डोळे गच्च मिटून घ्यायचा. शेजारच्या मंगल कार्यालयात फटाके वाजले तेव्हा ते चहाचा ग्लास टाकून खांबामागे गेले होते. आम्ही सगळे हसलो. मग हसता हसता माझ्या लक्षात आलं, की दुपारी याच माणसाच्या हातात आपला जीव आहे. हसू तिथेच थांबलं.

आमचा हिरो कॉलेज रोडवरच्या जिममधून निवडलेला. देखणा, पिळदार, आणि चेहरा मात्र भिंतीसारखा. आनंद असो की दुःख, भिंतच. पहिल्या उड्डाणाच्या दिवशी दादांनी त्याला विचारलं, "घाबरलात ना?"

"छे! मी कशालाच घाबरत नाही."

दादांनी दोर सोडला. "मग उद्या या."

दिग्दर्शक ओरडला, ऊन चाललं म्हणून कॅमेरावाला ओरडला. दादा खाली बसून केबलला कापड मारत राहिले. शेवटी हिरो त्यांच्याजवळ गेला, वाकला, कानात काहीतरी पुटपुटला. दादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुन्हा गाठ मारायला घेतली. काय म्हणाला ते त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. त्या दिवशी त्या भिंतीत थोडी हालचाल दिसली एवढं खरं.

खलनायक होते बँकेतले एक अधिकारी. आमच्या हौशी रंगभूमीवरचे जुने, कसलेले नट. कॅमेरा सुरू झाला की त्यांच्या डोळ्यांत असं काही येई की माझ्या पाठीतून शिरशिरी जायची. माझा दंड धरून ते मला कठड्याकडे ओढायचे, आणि "कट" ऐकू आलं की लगेच, "ताई, जोरात धरलं का हो? दुखलं नाही ना?"

एकदा चहा पिताना मी दादांना विचारलं, "तुम्ही सगळ्यांना तेच का विचारता?"

ते ग्लासात बघत राहिले. "एक पोरगं व्हतं मुंबईला. म्हणायचं, मला काय होतंय? लय धीट. घाईत पट्टा नीट लावलाच नाय त्यानं. मी बी इचारलं नाय."

"मग?"

"चहा गार झाला, ताई," ते म्हणाले आणि उठले.

मला चौथ्या मजल्यावरून ढकलायचा दिवस आला. प्रत्यक्षात दहा-बारा फूट खाली येऊन मी लोंबकळायचं होतं. खाली खोकी रचून त्यांवर गाद्या टाकलेल्या. वरून त्या काडेपेटीएवढ्या दिसत होत्या. वारा होता. दादांनी केबलशिवाय आणखी एक जाड दोर माझ्या कडीला बांधला.

दिग्दर्शकाने मॉनिटरवर पाहिलं. "दादा, तो दुसरा दोर काढा. फ्रेममध्ये येतोय."

"येऊ द्या."

"केबल आहे ना? ती पेलते की वजन!"

"वारं हाय. दोन दोर नसतील तर ताई खाली जाणार नाय."

"मग मी दुसरा माणूस बोलावतो."

दादांचे ओठ थरथरत होते. मला वाटलं, आता हे ऐकतील. पण ते माझ्या मागे खाली बसले आणि गाठीवर पंजा ठेवून म्हणाले, "बोलवा. तवर मी हितंच बसतो."

मग खलनायक पुढे आले. "दोर राहू द्या," ते शांतपणे म्हणाले. "नाहीतर मी ताईंना ढकलणार नाही." दोर राहिला.

दादांनी गाठ तीनदा ओढली. मला विचारलं. मी मान डोलावली.

"ॲक्शन" झालं. धक्का बसला. पायांखालची जमीन गेली. दहा फुटांवर केबल ताणून थांबायला हवी होती. तिने वर कुठेतरी खाडकन आवाज केला, आणि मी तिरपी होऊन तिसऱ्या मजल्याच्या काठावर खांद्याने आदळले. वरच्या चाकावरून केबल निसटून मध्येच अडकली होती. डोकं खाली, पाय वर, आणि मी गोल फिरत होते. त्या फिरण्यात मला वरून बारीक आवाज ऐकू आला. टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्. केबलच्या तारा एकेक करून तुटत होत्या.

मी किंचाळले. संवाद होता, "बाळा, पळ!" माझ्या तोंडातून माझ्या मुलीचं नाव आलं. खाली सगळे स्तब्ध उभे. त्यांना वाटलं, काय जीव ओतून काम करतेय!

फक्त दादांना कळलं. माझ्या कडीला बांधलेल्या त्या जाड दोरालाच स्वतःला अडकवून ते काठावरून माझ्यापर्यंत उतरले. चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांच्या कपाळावरचा घाम टपटप माझ्या गालावर पडत होता.

"ताई, खाली नाय. माझ्याकडं बघा."

"दादा, मला भीती वाटतेय."

"मला बी. लय." त्यांनी एका हाताने माझा पट्टा पकडला. "खोकल्याला काय देता तुम्ही दुकानात?"

"काय?"

"खोकला. मला खोकला झाला तर काय द्याल?"

"कोरडा की कफाचा?" माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"कोरडा."

मी सांगत गेले. कोणतं औषध, दिवसातून कितीदा, जेवणाआधी की नंतर. ते "हं, हं" करत होते आणि दुसऱ्या हाताने माझी कडी केबलमधून सोडवत होते. ती सुटली तेव्हा मी एकदम फूटभर खाली गेले आणि दोराने मला धरलं. वर दोराचं टोक धरून उभ्या असलेल्या पाच माणसांना त्यांनी हाक मारली, "सोडा... हळू... अजून हळू." तिसऱ्या मजल्याच्या लादीला माझा हात लागला. आईला पडताना पाहायच्या दृश्यासाठी तिथे उभा केलेला हिरो पालथा पडून दोन्ही हात पुढे करून थांबला होता. तो ओक्साबोक्शी रडत होता. त्यानेच मला आत ओढलं.

माझ्यामागून आत आल्यावर दादा भिंतीला टेकून बसले. चहा आणला तर ग्लास धरता येईना. मी माझ्या हाताने त्यांच्या ओठांना लावला. दोन घोट घेतले. मग ते उठले, सगळे दोर गुंडाळून ठेवले आणि कुणाशी न बोलता निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून कामाला दुसरा माणूस आला.

चित्रपटात ते दृश्य तसंच आहे. माझी किंकाळी आहे. फक्त नाव पुसलंय. हिरोचा चेहराही त्याच वेळचा. दुसरा कॅमेरा त्याच्यावर लावलेला होता. लोक म्हणतात, अख्ख्या चित्रपटात तो पोरगा तेवढ्या एका क्षणी खरा नट वाटतो. माझंही कौतुक झालं. थिएटरमध्ये शिट्ट्या पडत होत्या आणि मी खुर्चीचा हात धरून बसले होते.

नंतर मी मनमाडला दादांना भेटायला गेले. घर रेल्वे कॉलनीच्या मागे. त्यांनी ते काम सोडलं होतं. मेव्हण्याच्या किराणा दुकानात बसत होते, आणि वरच्या फळीवरचा डबा हवा असेल तर गिऱ्हाइकालाच काढायला सांगत होते. चित्रपट पाहिला का, असं मी विचारलं नाही. त्यांनीही विषय काढला नाही. वहिनींनी पोहे केले. निघताना दादा मला सोडायला स्टेशनवर आले.

नाशिकची गाडी पलीकडच्या फलाटावर लागणार होती. पुलाच्या पायऱ्यांपाशी येऊन ते थांबले.

"तुम्ही व्हा पुढं, ताई."

मी चार पायऱ्या चढून मागे पाहिलं. त्यांनी कठडा धरला होता आणि एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला होता. थोडा वेळ तो तिथेच राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला, माझ्याकडे बघून ओशाळं हसले आणि जा, जा, असा हात केला.

पूल ओलांडून मी पलीकडे उतरले. मधल्या रुळांवरून मालगाडी जात होती. डब्यांच्या फटींतून ते मला दिसत होते, पुन्हा दिसेनासे होत होते. मालगाडी संपली तेव्हाही ते तिथेच, पहिल्या पायरीच्या अलीकडे, कठडा धरून उभे होते.